उमेदवारीचे दार : अमेरिकेतील कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी आणि संशोधन-मार्गदर्शन

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत पहिले वर्ष संपल्यावर येणाऱ्या उन्हाळी सुट्टीत अनेक विद्यार्थी प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयाच्या संशोधन विभागात रुजू होतात. आठ-दहा आठवडे ते एखाद्या अनुभवी संशोधकाच्या हाताखाली काम करतात. त्याबद्दल त्यांना विद्यावेतन मिळते आणि शेवटी केलेले काम सर्वांपुढे मांडावे लागते. यांपैकी कित्येक कार्यक्रम लोकसंख्येच्या मानाने वैद्यकीय व्यवसायात फार थोड्या संख्येने असलेल्या समाजांसाठी सुरू झाले. कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, प्वेर्तो रिकन आणि मूलनिवासी हे त्यांतले प्रमुख. या सर्वांत कृष्णवर्णीयांचा इतिहास सर्वांत दीर्घ आणि सर्वांत तपशिलाने नोंदलेला आहे.

वैद्यकातले बरेचसे ज्ञान व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून मिळते. संशोधन मात्र उमेदवारी केल्याशिवाय येत नाही. प्रश्न कसा घडवावा, नोंदवही कशी ठेवावी, कोणता निष्कर्ष टिकेल आणि कोणता टिकणार नाही, निबंध कोणत्या नियतकालिकाकडे धाडावा, या गोष्टी शिकवायला जवळ बसणारा ज्येष्ठ लागतो. शिवाय अनोळखी तरुणाला आपल्या नावाचा आधार देण्याची त्याची तयारी असावी लागते. म्हणून कृष्णवर्णीयांसाठी वर्गाचे दार उघडल्यावरही उमेदवारीचे दार बराच काळ बंद राहिले. ते आधी काही व्यक्तींनी, मग काही संस्थांनी आणि शेवटी शासकीय व खाजगी निधीवर चालणाऱ्या कार्यक्रमांनी उघडले.

पहिले पदवीधर

वैद्यकीय पदवी मिळवणारे पहिले आफ्रिकन-अमेरिकन जेम्स मॅक्यून स्मिथ यांना ती मायदेशात मिळाली नाही. १८१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गुलामीत जन्मलेल्या स्मिथ यांना अमेरिकेतील महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला, तेव्हा ते स्कॉटलंडला गेले आणि १८३७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे एम.डी. झाले. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यांनी दवाखाना आणि औषधांचे दुकान चालवले, पण तेथील वैद्यकीय मंडळांनी त्यांना सदस्य करून घेतले नाही. त्यांचे महत्त्वाचे संशोधन आकडेवारीचे आहे. उत्तरेतील मुक्त कृष्णवर्णीयांत वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी जास्त आहे, असे १८४० च्या जनगणनेतून दिसत होते आणि गुलामगिरीचे समर्थक त्याचा हवाला देत होते. स्मिथ यांनी त्या आकड्यांतील विसंगती उघड करून तो दावा खोडून काढला. संशोधक कोणत्या समाजातून येतो यावर कोणते प्रश्न विचारले जातील हे बऱ्याच अंशी ठरते, याचे हे सुरुवातीचे उदाहरण होय.

अमेरिकेतच शिकून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय डेव्हिड जोन्स पेक. ते १८४७ मध्ये शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजातून उत्तीर्ण झाले. हार्वर्डने १८५० मध्ये मार्टिन डिलेनी, डॅनियल लेंग आणि आयझॅक स्नोडन या तिघांना प्रवेश दिला, परंतु गोऱ्या विद्यार्थ्यांनी तक्रार करताच पहिल्या सत्रानंतर त्यांना पुढे शिकू दिले नाही. १८६४ मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजातून रिबेका ली क्रम्पलर पदवीधर झाल्या. वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांच्या पाठोपाठ १८६७ मध्ये रिबेका कोल यांनी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून पदवी घेतली.

या शेवटच्या महाविद्यालयाशी मराठी वाचकाची ओळख आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ मध्ये तेथे प्रवेश घेतला आणि १८८६ मध्ये हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून त्या एम.डी. झाल्या. जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबुली त्यांच्या काळात तिथेच शिकत होत्या. १८७८ मध्ये पदवी घेतलेल्या कॅरोलाइन स्टिल अँडरसन आणि १८८८ मध्ये पदवी घेतलेल्या व्हेरिना मॉर्टन या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीही त्याच महाविद्यालयाच्या. अधिष्ठाता रेचेल बॉडली स्वतः रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि दूरदेशीच्या विद्यार्थिनींकडे जातीने लक्ष पुरवीत. स्त्रियांच्या महाविद्यालयाला मुख्य प्रवाहाने बाहेर ठेवले होते, म्हणूनच बाहेर ठेवलेल्या इतरांनाही तिथे जागा मिळाली. या काळात मार्गदर्शन म्हणजे एखाद्या अधिष्ठात्याचा किंवा प्राध्यापकाचा वैयक्तिक लोभ, याहून अधिक काही नव्हते.

स्वतःची महाविद्यालये आणि फ्लेक्सनर अहवाल

यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लाखो लोकांना डॉक्टर हवे होते. वॉशिंग्टनमध्ये १८६२ पासून मुक्त गुलामांच्या उपचारासाठी चालणाऱ्या फ्रीडमेन्स हॉस्पिटलच्या आधारावर १८६८ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाचा वैद्यकीय विभाग सुरू झाला. १८७६ मध्ये टेनेसीतील नॅशव्हिल येथे मेहॅरी सुरू झाले. पुढच्या काही दशकांत रॅली, न्यू ऑर्लिन्स, लुइव्हिल, नॉक्सव्हिल, मेम्फिस अशा दक्षिणेतील शहरांतही कृष्णवर्णीयांसाठी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. बहुतेकांकडे पैसा बेताचा आणि प्रयोगशाळा नावापुरत्या होत्या.

व्यावसायिक संघटनांची दारे मात्र उघडली नाहीत. हॉवर्डशी संबंधित कृष्णवर्णीय व गोऱ्या डॉक्टरांच्या संयुक्त मंडळाच्या प्रतिनिधींना अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८७० च्या अधिवेशनात बसू दिले नाही. सदस्यत्वाचा निर्णय स्थानिक मंडळांवर सोपवल्यामुळे दक्षिणेतील कृष्णवर्णीय डॉक्टर पुढची अनेक दशके संघटनेबाहेर राहिले. याचा फटका संशोधनाला बसला. अधिवेशनात निबंध वाचणे, त्यावर टीका ऐकणे, नियतकालिकात तो छापून येणे, ज्येष्ठांशी ओळख होणे, हे सगळे संघटनेतूनच घडत असे. म्हणून १८९५ मध्ये अटलांटा येथे नॅशनल मेडिकल असोसिएशन ही वेगळी संघटना उभी राहिली आणि १९०९ मध्ये तिचे नियतकालिक सुरू झाले. कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या निरीक्षणांना हक्काची छापील जागा तिथे मिळाली.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अब्राहम फ्लेक्सनर यांनी तयार केलेला वैद्यकीय शिक्षणाचा अहवाल प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातील १५५ महाविद्यालयांची पाहणी करून त्यांनी प्रयोगशाळा, पूर्णवेळ प्राध्यापक आणि स्वतःचे रुग्णालय या तीन गोष्टींची कसोटी लावली. कसोटी शास्त्राच्या दृष्टीने योग्यच होती. पण कृष्णवर्णीयांच्या सातपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच महाविद्यालये टिकवण्याजोगी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि उरलेल्यांना कसोटीपर्यंत पोचवण्यासाठी कुणी पैसा दिला नाही. कृष्णवर्णीय डॉक्टरांना शस्त्रक्रियेपेक्षा स्वच्छता आणि आरोग्यरक्षणाचे शिक्षण द्यावे, अशी अहवालाची भूमिका होती. त्यांचे आरोग्य जपले नाही तर शेजारच्या गोऱ्यांनाही रोग होतील, हा त्यामागचा एक युक्तिवाद. संशोधक म्हणून त्यांचा विचारच त्यात नाही. १९२३ पर्यंत पाचही महाविद्यालये बंद झाली. ती चालू राहिली असती तर २०१९ पर्यंत आणखी ३५,३१५ पदवीधर बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

परक्या प्रयोगशाळांत

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कृष्णवर्णीय संशोधक घडले ते एकेकटे, कुणा एका ज्येष्ठाच्या पाठिंब्याने. लायबेरियात जन्मलेले सॉलोमन कार्टर फुलर बॉस्टन विद्यापीठातून १८९७ मध्ये डॉक्टर झाले आणि मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथील मनोरुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ म्हणून लागले. १९०४-०५ मध्ये म्युनिकला आलोइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत निवडलेल्या मोजक्या परदेशी साहाय्यकांत ते होते. मेंदूच्या ऊतींचे अतिसूक्ष्म काप रंगवून तपासण्याची पद्धत ते तिथे शिकले. अल्झायमरच्या रोगावरचे संशोधन इंग्रजी वाचकांपुढे प्रथम आणणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. बॉस्टन विद्यापीठात त्यांनी तीसहून अधिक वर्षे काढली, तरी पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही आणि १९३३ मध्ये ते निवृत्त झाले. अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी रुग्णालय उघडले तेव्हा तेथील तरुण कृष्णवर्णीय डॉक्टरांना मनोविकारशास्त्राचे आणि सिफिलिसच्या निदानाचे प्रशिक्षण फुलर यांनीच दिले. म्युनिकहून आणलेली विद्या अशी पुढच्या पिढीकडे गेली.

अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे डॉक्टर नव्हते, पेशीविज्ञानाचे अभ्यासक होते, पण हॉवर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते शरीरक्रियाशास्त्र शिकवीत. १९०९ पासून जवळजवळ वीस उन्हाळे त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काढले. तिथे फ्रँक लिली यांनी त्यांना हाताशी घेतले आणि १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठातून त्यांची पीएच.डी. करवून घेतली. फलनाच्या वेळी अंड्याच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या बदलांवरचे त्यांचे काम जगन्मान्य झाले. तरीही अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या संशोधन-विद्यापीठाने त्यांना नेमले नाही. १९२९ नंतर त्यांनी नेपल्स, बर्लिन आणि फ्रान्समधील प्रयोगशाळांत बराच काळ काढला. चांगला मार्गदर्शक मिळाला तरी त्यापुढची नोकरी मिळतेच असे नाही, हे जस्ट यांच्या चरित्रातून दिसते.

विल्यम ऑगस्टस हिंटन १९१२ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झाले. बॉस्टनच्या रुग्णालयांत शल्यचिकित्सेची उमेदवारी त्यांना वर्णामुळे मिळाली नाही, म्हणून ते प्रयोगशाळेकडे वळले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या विकृतिशास्त्र विभागात त्यांनी बिनपगारी काम केले. १९२७ मध्ये त्यांनी सिफिलिसच्या निदानाची सोपी आणि अधिक विश्वासार्ह रक्तचाचणी तयार केली, आणि १९३६ मध्ये त्या रोगावर पाठ्यपुस्तक लिहिले. १९३१ मध्ये त्यांनी बॉस्टन डिस्पेन्सरीत स्त्रियांना प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून तयार करणारा वर्ग सुरू केला. स्वतःला उमेदवारी नाकारली गेलेला माणूस पुढे इतरांच्या उमेदवारीची सोय करतो, असे या इतिहासात वारंवार दिसते. हिंटन यांना हार्वर्डने प्राध्यापक केले ते १९४९ मध्ये, निवृत्तीच्या तोंडावर.

न्यूयॉर्कमध्ये हार्लेम हॉस्पिटल हे दुसरे केंद्र बनले. हार्वर्डचे पदवीधर लुई टी. राइट १९१९ मध्ये तेथे रुजू झाले. घटसर्पाची शिक चाचणी काळ्या त्वचेवर वाचता येत नाही, हा समज त्यांनी फ्रीडमेन्समध्ये इंटर्न असतानाच खोडून काढला होता. हार्लेममध्ये त्यांनी ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचे रुग्णांवरील सुरुवातीचे प्रयोग केले आणि कर्करोग संशोधन केंद्र उभारले. त्यांची मुलगी जेन कूक राइट १९४९ मध्ये त्या केंद्रात आली आणि वडिलांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये तिने त्याची सूत्रे घेतली. १९६४ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची संस्था स्थापन करणाऱ्या सात जणांत जेन राइट ही एकमेव स्त्री होती.

हॉवर्डची नवी घडण

एकेकट्याच्या नशिबावर सोडलेली ही गोष्ट संस्थेच्या योजनेचा भाग बनली ती हॉवर्डमध्ये. १९२६ मध्ये मॉर्डेकाय जॉन्सन हे विद्यापीठाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले आणि १९२९ मध्ये न्यूमा अॅडम्स हे वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय अधिष्ठाता. अॅडम्स यांचा हिशेब साधा होता. हॉवर्डमध्ये संशोधन शिकवायचे तर आधी शिकवणारे हवेत, आणि ते बाहेरच्या प्रयोगशाळांतच तयार होतील. रॉकफेलर कुटुंबाच्या जनरल एज्युकेशन बोर्डाकडून फेलोशिप मिळवून हुशार तरुण निवडायचे, त्यांना दोन-तीन वर्षे उत्तरेतील मोठ्या विद्यापीठांत पाठवायचे आणि परत आल्यावर विभाग त्यांच्या हाती द्यायचा, अशी ती योजना. रॉस्को मॅकिनी शिकागोहून शरीररचनाशास्त्राची पीएच.डी. घेऊन आले, जोसेफ जॉन्सन शरीरक्रियाशास्त्राची.

याच योजनेतून विल्यम माँटेग्यू कॉब क्लीव्हलंडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात टी. विंगेट टॉड यांच्याकडे गेले आणि १९३२ मध्ये जैविक मानवशास्त्राची पीएच.डी. घेऊन परतले. टॉड यांच्याकडे मानवी सांगाड्यांचा मोठा संग्रह होता. तसाच संग्रह कॉब यांनी हॉवर्डमध्ये उभारला. कृष्णवर्णीय धावपटूंच्या यशाचे कारण त्यांच्या पायांच्या खास रचनेत आहे, या समजुतीची त्यांनी ऑलिंपिकविजेते जेसी ओवेन्स यांची मोजमापे घेऊन तपासणी केली, आणि १९३६ मध्ये तिला आधार नसल्याचे दाखवले. चार दशकांत त्यांच्याकडून सहा हजारांहून अधिक विद्यार्थी शरीररचनाशास्त्र शिकले. १९४९ ते १९७७ या काळात त्यांनी नॅशनल मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाचे संपादन केले आणि कृष्णवर्णीय डॉक्टरांची चरित्रे त्यातून सातत्याने छापली. त्यांच्याआधीच्या संशोधकांची नावे विद्यार्थ्यांना मुख्यतः त्या पानांतून कळली.

चार्ल्स ड्रू हे या योजनेचे सर्वांत ठळक फळ. कॅनडातील मॅकगिलमधून १९३३ मध्ये डॉक्टर झालेले ड्रू हॉवर्डमध्ये शिकवू लागले आणि १९३८ मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन स्कडर यांच्यासोबत त्यांनी साठवलेल्या रक्तात होणारे बदल अभ्यासले. १९४० मध्ये ‘बँक्ड ब्लड’ हा त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. त्याच वर्षी युद्धात होरपळणाऱ्या ब्रिटनसाठी रक्तद्रव गोळा करण्याच्या मोहिमेचे वैद्यकीय संचालकपद त्यांच्याकडे आले, आणि १९४१ मध्ये अमेरिकन रेडक्रॉसच्या पहिल्या रक्तपेढीची जबाबदारी. रेडक्रॉसने प्रथम कृष्णवर्णीयांचे रक्त घेणेच नाकारले. पुढे घेतले तेही वेगळे ठेवले, आणि ही पद्धत १९५० पर्यंत चालली. रक्ताच्या वांशिक विभागणीला शास्त्राचा आधार नाही, असे ड्रू यांनी जाहीरपणे सांगितले.

१९४१ मध्ये ते हॉवर्डला शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून परतले. यानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी स्वतःच्या संशोधनापेक्षा निवासी डॉक्टर घडवण्याला अधिक वेळ दिला. कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांनी कोणत्याही सवलतीविना राष्ट्रीय मंडळाची परीक्षा पार करावी, हे त्यांचे उद्दिष्ट होते. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकांपैकी निम्म्याहून अधिक ड्रू यांच्या हाताखालून गेले होते. १ एप्रिल १९५० रोजी टस्कीगीतील वार्षिक वैद्यकीय शिबिराकडे जाताना नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे विद्यार्थी लासाल लेफॉल पुढे हॉवर्डच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले आणि अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे व अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्षही.

पदवीविना गुरू

मार्गदर्शकाकडे पदवी असतेच असे नाही. नॅशव्हिलमध्ये सुतारकाम करणारे व्हिव्हियन थॉमस यांची महाविद्यालयीन शिक्षणासाठी साठवलेली पुंजी मंदीच्या काळात बँकेबरोबर बुडाली. १९३० मध्ये ते व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. काम संशोधन-साहाय्यकाचे होते, पगाराच्या नोंदीत हुद्दा सफाई कामगाराचा. १९४१ मध्ये दोघे जॉन्स हॉपकिन्सला गेले. हृदयातील जन्मजात दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बालकांवरील शस्त्रक्रिया थॉमस यांनी आधी कुत्र्यांवर बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लेलॉक यांनी ती प्रथम एका बालिकेवर केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. पुढची तीन दशके हॉपकिन्सचे तरुण शल्यचिकित्सक प्रयोगशाळेतले हस्तकौशल्य थॉमस यांच्याकडून शिकले. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

त्यांच्या छत्राखाली आलेले लेव्ही वॉटकिन्स हे हॉपकिन्समध्ये हृदयशल्यचिकित्सेचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य निवासी डॉक्टर. फेब्रुवारी १९८० मध्ये मानवी शरीरात स्वयंचलित डीफिब्रिलेटर प्रथम बसवणारे शल्यचिकित्सक तेच. प्रवेश समितीवर जाऊन त्यांनी देशभरातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना स्वतः पत्रे लिहिली आणि हॉपकिन्समधील त्यांची संख्या वाढवली.

शिष्यवृत्तीपासून कार्यक्रमापर्यंत

१९४६ मध्ये शिकागोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रँकलिन मॅक्लीन यांनी कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारी संस्था काढली. तीच पुढे नॅशनल मेडिकल फेलोशिप्स म्हणून ओळखली गेली. १९४८ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाने ईडिथ अर्बी यांना घेतले आणि दक्षिणेतील गोऱ्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचा प्रवेश झाला. वर्गात इतरांबरोबर आणि जेवायला वेगळ्या खोलीत, अशी तिची सोय होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा भेद बेकायदा ठरवला. त्याच वर्षी हॉवर्ड आणि मेहॅरीच्या विद्यार्थ्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खालच्याला सांभाळायचे, ही रीत तिने देशभर नेली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील एकूण वैद्यकीय विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय तीन टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्यांतले बरेचसे हॉवर्ड व मेहॅरीतच होते. १९७० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने पाच वर्षांत अल्पसंख्याकांचे प्रमाण १२ टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७२ मध्ये अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांतील जैववैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारा कार्यक्रम सुरू केला. १९७७ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांना संशोधनाचे प्रशिक्षण देणाऱ्या ‘मार्क’ योजनेची जोड मिळाली. संस्थेच्या सल्लागार, भ्रूणविज्ञानाच्या अभ्यासक जेराल्डीन पिटमन वुड्स यांचा या योजना उभारण्यात मोठा वाटा होता. अल्पसंख्याकांच्या महाविद्यालयांत फिरून अनुदानाचे अर्ज कसे लिहावेत हे त्या शिकवीत.

१९७२ हे आणखी एका कारणाने निर्णायक वर्ष. टस्कीगी येथे १९३२ पासून अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोगाचा अभ्यास चालवला होता. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. वृत्तपत्रांनी हे प्रकरण उघडकीस आणल्यावर १९७४ चा राष्ट्रीय संशोधन कायदा आला आणि मानवी संशोधनाच्या नैतिक परीक्षणाच्या समित्या बंधनकारक झाल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना संशोधनात आणण्यामागे तोवर केवळ समान संधीचा विचार होता. आता त्यात विश्वासाचा प्रश्नही आला.

कायद्याची बाजू मात्र डळमळीत राहिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा राखून ठेवल्या होत्या. बॅकी खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी राखीव संख्या अवैध ठरवली, परंतु प्रवेशाचा निर्णय घेताना वंश हा अनेक घटकांपैकी एक मानता येईल असे म्हटले. जागा राखता येत नसल्याने तयारी करून घेण्याकडे, म्हणजे मार्गदर्शनाकडे, संस्थांचे लक्ष अधिक वळले. रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानाने १९८३ मध्ये तरुण अल्पसंख्याक डॉक्टरांना चार वर्षे निधी आणि एक ज्येष्ठ मार्गदर्शक देणारा कार्यक्रम सुरू केला. त्याला नंतर हार्वर्डचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हॅरोल्ड एमॉस यांचे नाव दिले गेले. १९९१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने ‘२००० सालापर्यंत ३,०००’ प्रवेशांचे लक्ष्य जाहीर केले. १९९० च्या दशकाच्या मध्यास संख्या सुमारे दोन हजारांवर गेली आणि पुन्हा उतरली. २००३ मध्ये संघटनेने ठरावीक समाजांची यादी सोडून दिली. लोकसंख्येतील प्रमाणाच्या तुलनेत व्यवसायात कमी असलेला कोणताही वांशिक समाज, अशी व्याख्या तेव्हापासून रूढ आहे.

कार्यक्रमाची रचना आणि प्रमुखाचे काम

या टप्प्यांतून आजच्या कार्यक्रमाचा साचा तयार झाला. प्रमुख बहुधा एखादा प्राध्यापक-डॉक्टर असतो. निधी मिळवणे हे त्याचे पहिले काम. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची अल्पमुदतीची प्रशिक्षण-अनुदाने, प्रतिष्ठानांच्या देणग्या आणि महाविद्यालयाचा स्वतःचा वाटा यांतून विद्यावेतन निघते. ते महत्त्वाचे अशासाठी, की कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुट्टीत बिनपगारी काम परवडत नाही, आणि सधन घरच्याला परवडते.

त्यानंतर जोड्या लावाव्या लागतात. नावाजलेला संशोधक चांगला मार्गदर्शक असेलच असे नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी एका विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक देतात. एक विषयाचा, दुसरा वाटचालीचा. विषयही बेताने निवडावा लागतो. दहा आठवड्यांत नव्या रुग्णांची नोंदणी करून अभ्यास पुरा होत नाही, म्हणून आधी गोळा झालेली माहिती तपासणे, जुन्या केसपेपरांवरून प्रश्नाचे उत्तर शोधणे, असे काम सोपवतात. नैतिकता समितीची परवानगी विद्यार्थी येण्याआधी घेऊन ठेवली नाही तर अर्धी सुट्टी परवानगीची वाट पाहण्यात जाते. आठवड्यातून एकदा सर्व विद्यार्थी एकत्र बसतात. संख्याशास्त्र, निबंधलेखन, सादरीकरण यांचे पाठ तिथे होतात, आणि एकटेपणही कमी होते. शोधनिबंधावर कुणाचे नाव कितव्या क्रमांकाने येईल हे सुरुवातीलाच ठरवून घेणे हा आणखी एक संकेत. पूर्वीच्या साहाय्यकांची नावे निबंधांतून गळाली होती, त्या अनुभवातून तो आला.

जानेवारी २०२२ पासून अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात गुणांऐवजी केवळ उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. पदव्युत्तर जागा देताना निवड समित्या संशोधनाकडे अधिक पाहू लागल्या, आणि या कार्यक्रमांचे वजन वाढले.

मोजमाप आणि वाद

इतक्या प्रयत्नांचे फळ किती, याचे उत्तर संमिश्र आहे. १९७८ मध्ये ५४२ कृष्णवर्णीय पुरुषांनी वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश घेतला होता, तर २०१४ मध्ये ५१५ जणांनी. छत्तीस वर्षांत लोकसंख्या वाढली, संख्या घटली. याच काळात कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण मात्र वाढत गेले. २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शिक्षण, प्रशिक्षण, पूर्वीचे निबंध यांचा हिशेब धरल्यावरही राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे मुख्य संशोधन-अनुदान मिळण्याची कृष्णवर्णीय अर्जदारांची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के-बिंदूंनी कमी होती. यानंतर संस्थेने २०१४ पासून देशव्यापी मार्गदर्शन-जाळे उभारले.

दुसरा प्रश्न मार्गदर्शकांवरच्या भाराचा. कृष्णवर्णीय प्राध्यापक मोजके, आणि त्यांच्याकडे मदतीसाठी येणारे विद्यार्थी पुष्कळ. बढतीच्या वेळी शोधनिबंध आणि अनुदाने मोजली जातात, विद्यार्थ्यांना दिलेला वेळ सहसा मोजला जात नाही. या अदृश्य श्रमाला अल्पसंख्याकांवरील कर म्हटले जाते. ड्रू आणि कॉब यांनी तो आयुष्यभर भरला. म्हणून अलीकडे काही महाविद्यालयांनी कार्यक्रम-प्रमुखाच्या कामाचे तास पगारात धरायला आणि मार्गदर्शनाला बढतीच्या निकषांत जागा द्यायला सुरुवात केली आहे.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली, आणि २०२५ मध्ये केंद्र शासनाने विविधतेशी निगडित अनेक प्रशिक्षण-अनुदाने थांबवली. काही कार्यक्रमांनी पात्रतेचे निकष बदलून आर्थिक स्थिती, ग्रामीण पार्श्वभूमी, कुटुंबातील पहिला उच्चशिक्षित अशा गोष्टींना महत्त्व दिले. काही बंद पडले. खाजगी पैसा मात्र कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे वळला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लूमबर्ग प्रतिष्ठानाने हॉवर्ड, मेहॅरी, मोअरहाउस आणि चार्ल्स ड्रू या चार संस्थांच्या कायम निधीसाठी ६० कोटी डॉलर जाहीर केले. कायम निधीच्या व्याजातून प्राध्यापकांचे पगार आणि विद्यार्थ्यांचे विद्यावेतन निघते, आणि ते दर काही वर्षांनी नव्याने मंजूर करून घ्यावे लागत नाही. १९१० नंतर बंद पडलेल्या पाच महाविद्यालयांकडे असा निधी नव्हता.